सातबाऱ्याला नाव लागेल, सही कोण करणार?



ऊस नोंदीला वस्तीवर जातो तेव्हा एखाद्या घरी पोर आतच ठेवलेलं असतं. ट्रॅक्टर आला की कान दाबतं, हाकेला ओ देत नाही. घरचे म्हणतात, बाहेरचं आहे. देवऋषी सोडा, डॉक्टरांना दाखवा; बहुधा ती स्वमग्नता असते. रोजचा क्रम मोडू नका, गलका टाळा, पोर पुष्कळ निवतं.

खरी गोम पुढे आहे. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं आईबापही पालक उरत नाहीत. "थोरला बघेल" हे तोंडी झालं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमून देते. आमच्या मते हा अर्ज आईबापांनी हातपाय चालताहेत तोवरच करावा. अपंगत्वाचा दाखला मात्र गळिताआधी काढा. गळितात कुणाला सवड नसते.