भीती लशीची, गुठळी पोटरीत

एप्रिल २०२४च्या अखेरीस तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज येऊन गेला असेल. ‘कोविशिल्डनं रक्ताच्या गुठळ्या होतात, कंपनीनंच कबूल केलं!’ बातमी खोटी नव्हती, पण अर्धीच पोचली. हा दुष्परिणाम अगदी क्वचित होऊ शकतो, असं अ‍ॅस्ट्राझेनेकानं ब्रिटनच्या कोर्टात लिहून दिलं होतं. त्यांचीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं कोविशिल्ड नावानं बनवली, म्हणून आपल्याकडे घबराट. पण हा त्रास दिसतो तो डोसनंतरच्या साधारण सहा आठवड्यांत. तुम्ही डोस घेऊन तोवर दोन-तीन वर्षं उलटली होती. आणि केंद्राच्या समितीनं मे २०२१ मध्येच आकडा दिला होता: दहा लाख डोसमागे ०.६१.

आता दुसरा आकडा बघा. पाश्चात्त्य देशांत दरवर्षी साधारण हजारात एकाला पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होते. तरुणांत प्रमाण बरंच कमी, दहा हजारांत एकाच्या आसपास. तरी दहा लाखांत शंभर झालेच की! त्यावर मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

ही गुठळी होते कशी? रक्त साचून राहिलं, शिरेला इजा झाली किंवा रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढली की. पाय प्लॅस्टरमध्ये, मोठं ऑपरेशन, बाळंतपणानंतरचे सहा आठवडे, तासन्‌तास एकाच सीटवर बसून प्रवास. मुलींनो, तुमच्यासाठी आणखी एक. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी हा धोका वाढतो. लग्न, पूजा आली की पाळी पुढे ढकलायला मेडिकलमधून परस्पर आणतात, ती गोळीही निरुपद्रवी समजू नका. घरात कुणाला गुठळी झाली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. यात लाजण्यासारखं काय आहे?

लाखांदूरकडच्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. सिकलसेलच्या रुग्णांत गुठळीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. मोहीम चांगलीच आहे. पण कार्ड हातात दिलं म्हणजे काम संपलं, असं होता कामा नये. सिकलसेलच्या मुलाला दम लागला, छातीत दुखलं तर ‘नेहमीचंच दुखणं’ म्हणून घरी झोपवून ठेवणं महागात पडतं.

लक्षणं साधी असतात, तिथंच घोळ होतो. एकच पाय सुजतो, पोटरी दुखते, गरम लागते. आपण समजतो मुरगळला, आणि तेल लावून रगडून घेतो. अशा पायाला मालिश नकोच. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मग अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, कधी खोकल्यातून रक्त. त्या वेळी १०८ला फोन करायचा, उद्याची वाट बघायची नाही.

निदानाला डॉप्लर सोनोग्राफी लागते. ती तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात नसते. मग ब्रह्मपुरी, भंडारा नाहीतर नागपूर. उपचारातला खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रक्त पातळ ठेवणारं औषध किमान तीन महिने घ्यावं लागतं. जुनी वॉरफेरिन स्वस्त, पण तिचा डोस ठरवायला वारंवार रक्ततपासणी हवी. म्हणजे दर खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. रिव्हारोक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्यांना ही कटकट नाही, त्यामुळे खेड्यातल्या बहुतेक रुग्णांना त्याच जास्त सोयीच्या. सरकारी दवाखान्यात या गोळ्या नियमित मिळतात का, हे गावातल्या पोरांनी विचारायला हवं. आणि हो, बरं वाटलं म्हणून कोर्स मधेच सोडला तर गुठळी परत येऊ शकते.

पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सला बसाल तेव्हा पाणी पीत राहा, घोटे फिरवा, गाडी थांबली की खाली उतरून चार पावलं चाला.