किस्सेबाजी आणि साथीदार

एखाद्या गायकाची ध्वनिमुद्रिका हातीं आली कीं तींतील गाणें ऐकण्यापूर्वी तिच्या पाठीमागची हकीकत ऐकून घ्यावयाची, अशी एक खोड आमच्या रसिकवर्गास जडली आहे. गायक त्या दिवशीं जेवला होता कीं उपाशी होता, तो कोणावर रुसला होता, ऐन वेळीं दिवे कसे गेले, असल्या गोष्टी ज्याच्या जिभेवर तो आज संगीताचा जाणकार ठरतो. ह्या प्रकारास आमची हरकत आहे. आणि ती कां आहे हें उघड सांगितलें पाहिजे. ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ एवढें म्हणून हा विषय निकालांत निघणारा नाहीं. आमच्या वेळींहि असेंच होतें, हें पुढें दाखवूंच.

प्रसंग असा घडला. गेल्या हिवाळ्यांत ब्रह्मपुरीकडील एका खेड्यांत नातलगांकडे आमचें जाणें झालें. धानाची कापणी उरकली होती, गांवांत मंडईचा उत्साह होता आणि रात्रीं नाटक होतें. घरचा एक मुलगा पुण्यास यंत्रशास्त्र शिकतो; तोहि सुटींत आला होता. त्याला ‘हेवी मेटल’ नांवाच्या पाश्चात्य संगीताचा मोठा नाद. दुपारभर त्यानें आम्हांस ऑझी ऑझबोर्न ह्या गायकाच्या कथा सांगितल्या. ‘ब्लॅक सॅबथ’ ह्या मंडळींतून १९७९ सालीं त्याला काढून टाकलें. १९८० सालीं त्यानें ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ ही स्वतःच्या नांवाची पहिली मुद्रिका काढली. १९८१ सालीं कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढें त्यानें पारव्याचें डोकें दातांनीं तोडलें. १९८२ च्या जानेवारींत तर आयोवा प्रांतांतील डेमॉइन गांवीं भर रंगमंचावर वटवाघळाचें! मुलगा रंगून सांगत होता, आणि खोटें कांहींच सांगत नव्हता. आम्हीं सहज विचारलें, ‘‘त्या मुद्रिकेंत साथीला कोण आहे रे?’’ गिटारवाल्या रँडी ऱ्होड्सचें नांव त्याला ठाऊक होतें. तो तरुण १९८२ सालीं विमानाच्या अपघातांत गेला, म्हणजे त्याचाहि एक किस्सा झालेला आहे. ‘‘आणि बेस गिटार? ड्रम?’’ ‘‘ते असतील कोणी तरी, काका,’’ असें उत्तर आलें.

हें ‘कोणी तरी’ आम्हांस बोंचलें. घरीं परतल्यावर आम्हीं शोध केला, आणि जें हातीं आलें तें वटवाघळाहून अधिक विचार करण्याजोगें निघालें. ते दोघे बॉब डेझली आणि ली कर्सलेक. गीतांच्या रचनेंतहि डेझलींचा वांटा मुद्रिकेवर नोंदलेला आहे. ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ हें मुळीं मुद्रिकेचें नांव नव्हे, तें आम्हां सर्वांच्या मंडळीचें नांव ठरलें होतें, असें डेझली सांगत आले आहेत. पुढें १९८१ सालीं ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ ही दुसरी मुद्रिका निघाली. तींतहि बेस आणि ड्रम ह्याच दोघांनीं वाजविला होता. परंतु वेष्टनावर नांवें व छायाचित्रें छापलीं तीं रूडी सार्झो आणि टॉमी ऑल्ड्रिज ह्यांचीं, कारण मुद्रिका बाजारांत येईपर्यंत जुन्या दोघांस दूर करून नवे दोघे घेतलेले होते. हक्काच्या पैशांचा वाद न्यायालयांत गेला. आणि २००२ सालीं ह्या दोन्ही मुद्रिका पुन्हा काढतांना मालकपक्षानें त्या दोघांचें वादनच खरवडून काढलें व त्याच्या जागीं दुसऱ्या वादकांकडून नवें वाजवून घेतलें. गायकाचा गळा तोच, ऱ्होड्सची गिटार तीच. खालची जमीन मात्र बदललेली.

आतां वाचकांनीं ह्या दोन प्रकारच्या हकीकती शेजारीं ठेवून पाहाव्या. दोन्ही पडद्यामागच्याच. परंतु वटवाघळाची गोष्ट उद्यां सगळे विसरले तर त्या गाण्याचें काय बिघडेल? कांहीं नाहीं. डेझली व कर्सलेक ह्यांची गोष्ट विसरली गेली तर मात्र दोन माणसांची मेहनत बुडते आणि आपण काय ऐकत आहों ह्याविषयीं आपली फसवणूक होते. पहिल्या प्रकारास आम्ही किस्सा म्हणतों, दुसऱ्यास नोंद. किस्सा गायकाला मोठा करतो. नोंद ज्याचें त्याचें देणें ज्याच्या त्याच्या पदरीं घालते. आमचा झगडा किस्से सांगण्याशीं नाहीं. किस्सा हीच नोंद असें समजून स्वस्थ बसण्याशीं आहे.

ह्यावर किस्सेवाल्यांची बाजू अशी मांडली जाते कीं, गोष्टीच्या गोडीनें का होईना, लोक गाण्यापर्यंत पोंचतात. ही बाजू अगदींच पोकळ नाहीं. परंतु अनुभव काय सांगतो? १९११ सालीं ‘मानापमान’चा पहिला प्रयोग व्हावयाचा त्याच दिवशीं बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीहि ते रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. तिच्यांतील दुःख खरें आहे, कर्तव्यनिष्ठाहि खरी आहे. परंतु ती सांगणाऱ्या दहा जणांस विचारून पाहावें कीं त्या नाटकांतील पदांच्या चाली कोणाच्या? गोविंदराव टेंबे हें नांव दहांतून किती जण घेतील? शंभराहून अधिक वर्षें हा किस्सा चालतो आहे. त्यानें लोकांस गाण्यापर्यंत नेलें असतें तर चाल बांधणाऱ्यापर्यंतहि नेलें असतें. गंधर्व मंडळींत तबल्यास अहमदजान थिरकवा आणि सारंगीस कादरबक्ष होते. थिरकवांचें नांव जगानें पुढें ओळखलें तें त्यांच्या स्वतंत्र वादनामुळें. कादरबक्षांचें नांव जाणकारांच्या बैठकीबाहेर आज क्वचितच निघतें.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभापासूनच हा पंक्तिप्रपंच चालत आला आहे. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग ह्यांनीं कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें मुद्रित केलें. तीनेक मिनिटांचें गाणें संपतांच बाई इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत. तबकड्या तयार व्हावयाच्या जर्मनींत हॅनोव्हरला. तेथील कारागिरांस कोणती तबकडी कोणाची हें कळावें म्हणून ही युक्ति होती असें सांगतात. लोक ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. आमच्या मतें तिच्यांतच सगळें मर्म आहे. ज्या कर्ण्यांत बाई गाइल्या त्याच कर्ण्यांत, त्याच तीन मिनिटांत, साथीचे वादकहि वाजवीत होते. शेवटीं आपलें नांव पुकारण्याची मुभा त्यांना नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक रोखठोक आहे. लोक गळ्यासाठीं पैसे देतात. वादक काय, एक गेला तर दुसरा आणतां येतो, असें व्यवहारी लोक म्हणतात. ह्याला आम्ही आपलें उत्तर देण्याचें कारण नाहीं, तें २००२ सालच्या त्या खटाटोपानेंच दिलेलें आहे. नेमका हाच प्रयोग तेथें करून पाहण्यांत आला. दुसरे आणले, तेहि नांवाजलेले व हातचे तयार होते. तरी श्रोत्यांनीं तें मान्य केलें नाहीं. हें आमचें गाणें नव्हे, अशी ओरड झाली, आणि २०११ सालीं ह्या मुद्रिका पुन्हा निघाल्या तेव्हां डेझली व कर्सलेक ह्यांचें मूळ वादन परत घालावें लागलें. ज्यांचीं नांवें कित्येकांस ठाऊक नव्हतीं त्यांचे हात मात्र कानांस ठाऊक होते. एकट्याचें म्हणून विकलेलें गाणें एकट्याचें नव्हतें, हा निर्णय गिऱ्हाइकांनींच दिला.

हें सर्व दूरदेशींचें झालें. आतां त्या रात्रींकडे वळूं, कारण हा लेख त्या रात्रीसाठींच लिहीत आहों. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया ह्या धानाच्या मुलखांत सुगीनंतर जी रंगभूमि जागी होते तिला झाडीपट्टी म्हणतात. दंडार आणि खडीगंमत ह्या जुन्या खेळांच्या अंगाखांद्यावर ती वाढली. वडसा हें तिच्या मंडळ्यांचें मुख्य ठाणें. खेड्यापाड्यांतून मांडव पडतात, हजारों माणसें घोंगड्या पांघरून थंडींत बसतात, नाटक रात्रभर चालतें आणि तांबडें फुटतांना संपतें. ह्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे ह्यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां पुण्यामुंबईच्या पुष्कळ लोकांस हिचें नांव प्रथम कळलें. येथें पदें आजहि साथीवर, समोरासमोर गाइलीं जातात. त्या रात्रीं नायिकेचें एक पद तीन वेळां झालें. तिचा गळा सुरेख होता ह्यांत शंका नाहीं. परंतु तिसऱ्या खेपेस तिचा श्वास पुरेना, तेव्हां ऑर्गन वाजविणाऱ्या म्हाताऱ्यानें सूर धरून ठेवला, तबलेवाल्यानें एक आवर्तन वाढविलें, आणि ती पुन्हा समेवर आली. टाळ्या तिला पडल्या. त्या म्हाताऱ्यानें हात झटकले व शेकोटीकडे धरले.

पहाटे आम्हीं त्या मुलास विचारलें, ‘‘ऑर्गनवर कोण होते?’’ त्याला ठाऊक नव्हतें. त्याच्या आईनें आंतून सांगितलें, ‘‘अरे, ते तुझ्या आजोळचे. तुझ्या मामाला पेटी त्यांनींच शिकवली.’’ मुलगा खजील झाला. त्याला दोष देण्यासाठीं आम्ही हें सांगत नाहीं. आम्हांसहि तें नांव विचारल्याशिवाय कळलें नव्हतें, आणि मागें पाहिलेल्या कित्येक नाटकांतील एकाहि वादकाचें नांव आज आम्हांस सांगतां येणार नाहीं. सातासमुद्रांपलीकडील गायकानें काय चावलें हें ठाऊक आणि आजोळच्या माणसानें काय वाजविलें हें ठाऊक नाहीं, अशी आपली स्थिति आहे. किस्सा चालून येतो, नोंद मात्र करावी लागते; आणि ती करण्याचा आपणांस कंटाळा आहे.

येथें झाडीपट्टीच्या बाजूनें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ह्या बाबतींत ती ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांहून प्रामाणिक आहे. आम्हीं पाहिलेल्या हातपत्रिकांवर नटनट्यांच्या खालीं बारीक अक्षरांत का होईना, ऑर्गन कोणाचा व तबला कोणाचा हें छापलेलें असतें. दोष मंडळ्यांचा नाहीं, दोष आपला आहे. नाटक संपलें कीं ती पत्रिका चुलींत जाते. त्या रात्रींच्या पदाचें चित्रण मांडवांतील शेपन्नास जणांनीं आपापल्या भ्रमणध्वनीवर करून घेतलें. दुसरे दिवशीं जें आमच्या पाहण्यांत आलें त्यावर नायिकेचें नांव होतें, गांवाचेंहि होतें, साथीदाराचें नव्हतें. गोंडांच्या घरीं किंगरीवर देवांच्या व पूर्वजांच्या कथा गाणारा प्रधान आणि त्याचा यजमान ह्यांचें नातें पिढीजात. तेथें कोण कोणासाठीं गात आला हें न लिहितांहि घराण्याला ठाऊक असतें. आमच्या शिकलेल्या समाजाची ती स्मृति तर गेलीच, आणि लिहून ठेवण्याचीहि संवय लागली नाहीं.

भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले. पुढल्याच वर्षीं ह्या देशांत तबकड्यांवर गाणीं घेण्यास आरंभ झाला. त्यांच्या गळ्याविषयीं आज आपणांपाशीं केवळ गोष्टी आहेत, आवाज नाहीं. त्याला कोणाचा इलाज नव्हता, कारण यंत्रच आलेलें नव्हतें. आज यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. तेव्हां त्या ऑर्गनवाल्याविषयीं उद्यां केवळ गोष्टी उरल्या, किंवा त्याहि उरल्या नाहींत, तर त्याचा दोष काळावर घालतां येणार नाहीं.

म्हणून आमचें मागणें मोठें नाहीं. गायकाच्या हकीकती ज्यांना छापावयाच्या त्यांनीं खुशाल छापाव्या. परंतु ज्या गाण्याविषयीं त्या आहेत त्याची चाल कोणाची, पेटी कोणाची, तबला कोणाचा, हें त्याच लेखांत सांगितल्याशिवाय संपादकांनीं लेख घेऊं नये. वडसा, ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही, आरमोरी येथील वाचनालयांनीं दर हंगामाच्या हातपत्रिका गोळा करून वर्षवार बांधून ठेवाव्या. एका फडताळाहून अधिक जागा त्यांस लागणार नाहीं. आणि मांडवांत बसून जो कोणी पदाचें चित्रण करील त्यानें यंत्र एकदां तरी खालीं, वादकांकडे वळवावें, व शेवटीं त्यांचीं नांवें विचारून घ्यावीं. गौहरजान ह्यांना तीन मिनिटांच्या तबकडींत आपलें नांव सांगण्यापुरती जागा सांपडली होती. आपल्यापाशीं तर रात्रभर वेळ असतो.

तो मुलगा परवां पुण्याहून बोलत होता. ऑर्गनवाल्या बुवांचें नांव, गांव आणि त्यांनीं कोणत्या मंडळींत किती हंगाम काढले हें त्यानें मामांकडून लिहून घेतलें आहे. उन्हाळ्यांत त्यांच्याकडे जाऊन पदेंहि उतरून घेणार आहे. वटवाघळाचा विषय त्यानें काढला नाहीं, आणि आम्हींहि काढला नाहीं.