हाड जुळते, माणूस उभा करावा लागतो

आपल्या शिंदे की छावनीचे नाव देशभर पोहोचले ते अटल बिहारी वाजपेयी यांच्यामुळे. २५ डिसेंबर १९२४ रोजी त्यांचा जन्म याच वस्तीत झाला. ते पंतप्रधान असताना त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदलावे लागले, हे पालकांना आठवत असेल. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ऑक्टोबर २००० मध्ये डाव्या व जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, जुलैमध्ये, अटलजी आग्र्याच्या शिखर परिषदेला हजर होते. शल्यविशारदांचे नाव वर्तमानपत्रांत झळकले आणि ते योग्यच होते. परंतु अशा रुग्णाला पलंगावरून उठवून पहिले पाऊल टाकायला लावणाऱ्या परिचारिकांची नावे सहसा छापून येत नाहीत.

पंतप्रधानांना जी शुश्रूषा मिळते ती आपल्या आजी-आजोबांना मिळते का, हा माझा प्रश्न आहे. मोतीचूर लाडवांइतकेच आपल्या घरांत खुब्याच्या हाडाचे फ्रॅक्चर ओळखीचे झाले आहे. न्हाणीघरात पाय घसरतो, जुन्या वाड्याच्या उंच पायरीवर तोल जातो. सुदैवाने आपल्या शहरात १९४६ पासून गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले जयारोग्य रुग्णालय आहे, शिवाय खासगी अस्थिरोगतज्ज्ञही आहेत. शस्त्रक्रिया एक-दोन तासांत होते, रुग्ण काही दिवसांत घरी येतो. त्यापुढचे दोन-तीन महिने मात्र घरच्यांचे असतात, आणि बहुतेक घरी ते एकट्या सुनेच्या किंवा म्हाताऱ्या पत्नीच्या गळ्यात पडतात. तिला हे कोणी शिकवलेले नसते.

माया पुष्कळ असते, पण मायेने सगळे भागत नाही. “पडून राहा, हलू नका” हा आपला प्रेमळ सल्लाच पुष्कळदा घात करतो. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या रुग्णाच्या माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, कातडी रोज तपासावी लागते, अंथरूण कोरडे ठेवावे लागते. पोटरी सुजून दुखू लागली तर आपण तेल लावून चोळायला बसतो. तिथे रक्ताची गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा वेळी चोळू नये, डॉक्टरांना गाठावे. प्लास्टरमधील हाताची बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली, दुखणे वाढतच गेले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सारखे लघवीला उठावे लागू नये म्हणून वृद्ध पाणी कमी पितात आणि मग बद्धकोष्ठ व मूत्रमार्गाचा विकार मागे लागतो. यातले काहीही अवघड नाही. फक्त ते आधी ठाऊक असावे लागते.

अस्थिरोगाच्या शुश्रूषेचा पाया घालणाऱ्या ॲग्नेस हंट या इंग्रज परिचारिकेने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. लहानपणीच खुब्याच्या आजाराने त्या अधू झाल्या होत्या. १९०० साली त्यांनी बॅसचर्च या खेड्यात हाडांच्या आजारातून उठणाऱ्या मुलांसाठी घर उघडले. पुढे प्रसिद्ध शल्यविशारद रॉबर्ट जोन्स त्यांच्या कामाशी जोडले गेले. बरी होऊन घरी गेलेली मुले देखभालीअभावी पुन्हा बिघडू नयेत, म्हणून हंटबाईंनी आसपासच्या गावांत तपासणी केंद्रेही सुरू केली. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर शुश्रूषा संपत नाही, हाच त्यांच्या कामाचा धडा आहे.

कोणी म्हणेल, शाळेचा याच्याशी काय संबंध? शाळेने अभ्यास घ्यावा. माझे मत वेगळे आहे. आपल्या समाजातील तरुण मंडळी पुणे, बंगळूर, परदेशात गेली आहेत. मागे उरलेल्या वृद्धांच्या घरी हाकेला धावून जाईल असे कोण, तर शेजारचे नववी-दहावीतले मूल. त्याला काय करावे आणि काय करू नये हे कळत असेल तर एखादे म्हातारे माणूस पुन्हा देवळापर्यंत चालत जाऊ शकेल.

म्हणून विश्वस्त मंडळाला दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, वर्षातून दोन शनिवार मोठ्या वर्गातील मुले-मुली आणि पालक यांच्यासाठी घरगुती शुश्रूषेचा वर्ग ठेवावा. कूस कशी बदलावी, वॉकर धरून कसे उठवावे, हे अनुभवी परिचारिकेने प्रत्यक्ष करून दाखवावे. दुसरी, शाळेत एक कपाट या साहित्यासाठी द्यावे. वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, हवेची गादी या वस्तू काम झाले की घराघरांत माळ्यावर धूळ खात पडतात. त्या गोळा करून, स्वच्छ करून गरजूंना नेता-आणता आल्या तर खर्च जवळपास काहीच नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगी डॉक्टर होणार म्हटले की आपण पेढे वाटतो आणि परिचारिका होणार म्हटले की गप्प बसतो. मुलग्याच्या बाबतीत तर हा विचारही मनाला शिवत नाही. चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम मुलग्यांनाही खुला आहे. ज्यांच्या हातांवर आपण आपले आई-वडील सोपवतो, त्या हातांना कमी लेखणे आपल्याला शोभत नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी काम सोपे आहे. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल तर रोज अर्धा तास त्यांच्यापाशी बसा. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मोजून करून घ्या, पाण्याचा पेला हातात द्या, वर्तमानपत्र वाचून दाखवा. आईचा तेवढाच भार हलका होईल.