तुरुंग, कोठडी आणि कारागृह

एखाद्यास अटक झाल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली, कीं दुसऱ्या दिवशीं सारें गांव म्हणूं लागतें, "अमका तुरुंगांत गेला." आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडींही हें वाक्य वारंवार येतें. तें कित्येकदां चुकीचें असतें. आणि शब्दशः खरें असलें, तरी बोलणाऱ्याच्या मनांतील त्याचा अर्थ अन्यायाचा असतो, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमची मराठी या बाबतींत दरिद्री नाहीं. 'तुरुंग' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेंत 'ट्रोंको' म्हणजे झाडाचा बुंधा. अपराध्याचे पाय ज्यांत अडकवीत त्या ओंडक्यासही तेंच नांव पडलें, व पुढें बंदिखान्यासही. (आपल्याकडेही झाडाचें तें खोड, आणि पाय अडकवितात तो खोडा!) 'कैद' अरबी, 'कारागृह' संस्कृत. परंतु या सर्वांत आम्हांस 'हवालात' हा शब्द विशेष विचार करण्याजोगा वाटतो. जें हवालीं केलें, तें सांभाळून ठेवावें आणि मागतांच परत करावें, एवढाच त्याचा भाव. त्यांत शिक्षेचा गंधही नाहीं.

कोठडीचेंही तसेंच. अटक केलेल्या मनुष्यास, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें करावेंच लागतें. तपासासाठीं त्यास आणखी पोलिसांच्या ताब्यांत ठेवण्याची दंडाधिकाऱ्यानें अनुज्ञा दिली, तर ती पोलीस कोठडी. 'न्यायालयीन कोठडी' हें नांव ऐकून न्यायमंदिरांत एखादी अंधारी खोली असेल, असें मुलांस वाटतें. तशी खोली नसते; आरोपीची रवानगी कारागृहांत होते. लोक म्हणतात, आतां याचें भरलें. वस्तुतः तो पोलिसांच्या हातून न्यायालयाच्या हातीं गेलेला असतो, आणि न्यायालयाच्या परवानगीवांचून पोलिसांस त्याची चौकशी करतां येत नाहीं.

तेथेंही भेद आहेच. खटला चालू आहे तो कच्चा कैदी, शिक्षा झाली तो पक्का. सरकारी भाषेंत न्यायाधीन बंदी व सिद्धदोष बंदी. २०२२ सालच्या अखेरीस भारतांतील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांवर बंदी होते, व त्यांपैकीं ४ लाख ३४ हजारांवर कच्चे होते! म्हणजे दर चौघांतील सुमारें तिघांचा निकाल लागावयाचा होता. तो निकाल आम्ही चावडीवर, आगगाडींत, आणि दुर्दैवानें शाळेच्या पटांगणावरही लावून मोकळे होतों. ज्याचा बाप अटकेंत आहे तो मुलगा सकाळीं आपल्याच बाकावर येऊन बसत असतो. शेजारचा मुलगा त्यास जो शब्द ऐकवितो, तो त्यानें पुस्तकांतून घेतलेला नसतो; आदल्या रात्रीं घरीं जेवतांना वडिलांच्या तोंडून ऐकलेला असतो. पालकांनीं याचा विचार करावा.

मुलांविषयीं तर कायदाच अधिक हळुवार आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यांत, मुलांसंबंधींच्या कामांत दोषारोप करणारे शब्द वापरूं नयेत, असें तत्त्व घातलें आहे. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा शब्द जिभेस जड खरा, परंतु 'बालगुन्हेगार' म्हणण्यापेक्षां बरा. चौकशी चालू असतां अशा मुलास ठेवतात तें निरीक्षणगृह. त्यास तुरुंग म्हणणें म्हणजे निव्वळ अज्ञान होय.

पक्क्या कैद्यांच्या वस्तीसही निराळें नांव देतां येतें. औंध संस्थानानें १९३९ सालीं आटपाडीजवळ कैद्यांची एक खुली वसाहत वसविली. तेथें कैदी शेती करून कुटुंबासह राहूं लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट तिच्याच प्रेरणेनें निघाला. त्या वसाहतीचें नांव स्वतंत्रपूर. तेथील कैद्याच्या मुलास कोणीं घर विचारलें, तर त्यानें हें नांव सांगावें. तें अक्षरशः खरें असतें.