गर्भाशयमुखाचा दुर्मीळ कर्करोग आणि चौविहाराचा प्रश्न

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे नाव आता घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्याचा ‘स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन’ हा प्रकार क्वचितच कानी पडतो. शंभर रुग्णांत जेमतेम एखाद-दुसऱ्या भगिनीला तो होतो. त्याची गती मात्र भयावह असते. गाठ लहान असतानाच तो रक्तावाटे फुप्फुसे, यकृत आणि हाडांपर्यंत पोहोचू शकतो.

ही गाठ पुष्कळदा पृष्ठभागाखाली वाढते, म्हणून पॅप तपासणी निर्दोष आली तरी रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करू नये. पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर ‘पर्युषण होऊ द्या, मग पाहू’ असे म्हणणाऱ्या श्राविका प्रत्येक घरात आहेत. या आजारात तेवढा अवधी मिळत नाही.

निदान बायोप्सीने होते. लहान, गडद पेशी आढळल्यास सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन व सीडी 56 ही विशेष परीक्षणे केली जातात. मूळ ब्लॉक व स्लाइड मागून घेऊन परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयात पुन्हा दाखवाव्यात. सोन्याचा कस दुसऱ्या सराफाकडे पाहून घेणाऱ्या आपल्या समाजाला यात संकोच कशाचा? त्यानंतर पेट स्कॅनने प्रसार पाहतात.

गाठ लहान असेल तर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी. मोठी असेल तर केमोथेरपीसोबत किरणोपचार. औषधे बहुधा सिस्प्लॅटिन व इटोपोसाइड, साधारणतः दर 21 दिवसांनी.

येथेच आपल्या घरांत खरा पेच उद्भवतो. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. त्यामुळे शिरेवाटे सलाइन देतात आणि पुढील दिवसांतही भरपूर पाणी पिण्यास सांगतात. उलट्या होत असताना चौविहार पाळणे म्हणजे मूत्रपिंडांवर संकट ओढवून घेणे. अठ्ठाईचे तर नावच नको. प्रत्याख्यानात समाधीसाठी आगार ठेवलेला आहे, तो अशाच प्रसंगासाठी. उपचार सुरू होण्यापूर्वीच साधू-साध्वीजींना सर्व सांगून त्यांची आज्ञा घ्यावी, म्हणजे रुग्णेच्या मनात व्रतभंगाची टोचणी उरत नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

या प्रकारामागेही बहुधा एचपीव्ही विषाणूच असतो, विशेषतः 18 व 16 क्रमांकाचा. या दोहोंविरुद्धची लस मुलींना 9 ते 14 या वयात द्यावी; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ त्यांपैकीच एक आहे.