सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट

मराठीच्या मास्तराने तर्कशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, हे खरे. पण गणिताच्या एका सहकाऱ्याने चहा पिता पिता मला कोडे घातले, आणि ते काही पिच्छा सोडीत नाही.

बंडू, बाळू आणि चिंगी अंगणात खेळून आली. बंडू-बाळूच्या कपाळाला चिखल. दुसऱ्याचे कपाळ दिसते. स्वतःचे दिसत नाही. वडील म्हणाले, "एकाच्या तरी कपाळाला चिखल आहे. आपल्याला लागला आहे अशी ज्याची खात्री असेल, त्याने पुढे यावे." कोणी हलले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, तो बंडू आणि बाळू दोघेही पुढे! बंडूने ताडले की, 'माझे कपाळ स्वच्छ असते, तर बाळूला चिखल कोठेच दिसला नसता आणि तो मघाशीच पुढे आला असता.' बाळूनेही तेच ताडले.

आता गंमत पाहा. एकाला तरी चिखल आहे, हे तिघांनाही दिसतच होते! मग वडिलांनी नवीन सांगितले काय? तरी ते बोलले नसते, तर पोरे दिवेलागणीपर्यंत तशीच उभी राहिली असती. कारण बंडूला ठाऊक होते. पण बाळूलाही ते ठाऊक आहे, हे बंडूला ठाऊक नव्हते.

फिनलंडच्या याको हिंटिक्का यांनी १९६२ साली 'जाणणे' आणि 'मानणे' यांच्या तर्कशास्त्रावर पुस्तक लिहिले. पुढे १९८९ मध्ये यान प्लाझा यांनी, चारचौघांत उच्चारलेल्या वाक्याने हे जाणणे कसे बदलते, ते सूत्रात बसवले. काही वाक्ये तर बोलताक्षणी खोटी पडतात. 'तुला ठाऊक नाही, पण तुझे पत्र आले आहे,' असे म्हणून पाहा! आमच्या व्याकरणात या जातीच्या वाक्याला नाव नाही.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी आम्हांला सारे सांगितले होते. वडिलांनीही ते ओळखले होते. आईला तर दोन्ही बाजूंचे ठाऊक. तरी रोज सकाळी, "आज चेहरा बरा दिसतो," हे चालूच. मग एका संध्याकाळी ते शांतपणे म्हणाले, "मी यातून उठत नाही, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे."

माहिती म्हणून त्यात नवीन काही नव्हते. पण त्या रात्री आई त्यांच्या उशाशी बसून प्रथमच रडली. विम्याचे कागद कोठे आहेत, ते त्यांनी मला सांगितले. आणि जिच्याशी वीस वर्षांचा अबोला होता, त्या धाकट्या आत्याला बोलावून घ्या म्हणाले.