गुणांसाठी संशोधन

शिकवलेले विद्यार्थ्यांना कितपत उमगले, कोण कोठे अडखळला, हे तपासून पुढच्या सत्रात अध्यापन सुधारणे, हे मूल्यमापन. त्याचा निष्कर्ष त्या वर्गापुरता असला तरी बिघडत नाही. संशोधनाला ही सवलत नाही. आजवर अज्ञात असलेले काही त्याला सिद्ध करावे लागते, आणि वर्षानुवर्षे खपूनही कधी हाती काहीच लागत नाही.

या दोहोंची गल्लत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली केली. प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आले आणि शोधनिबंध हे गुण जमवण्याचे साधन बनले. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक माजले. अखेर मे २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. (छपाईचे पैसे तोवर प्राध्यापकांच्या खिशातून गेलेच होते!) त्याच वर्षी नियमावली बदलली, निबंध मोजण्याची सवय मात्र गेली नाही.

याची झळ बसते ती तालुक्याच्या महाविद्यालयात. घरातून पहिल्यांदाच पदवीकडे निघालेली मुलगी प्रथम वर्षातच का गळते, याचा छडा लावणाऱ्या शिक्षकाच्या टिपणवहीला कोण विचारतो? मग तोही वर्ग बाजूला सारून निबंध जुळवू लागतो. शिक्षकाची पारख वर्गात व्हावी. संशोधन हवे असेल, तर त्यासाठी ग्रंथालय, रजा व निधी द्यावा, आणि रिक्त जागा भरून तासांचा बोजा आधी उतरवावा.